विद्याश्रीची फी आणि संस्थेपुढची रांग

ठरलं होतं ते एवढंच, की आप्पांच्या एका पासबुकातले पैसे आप्पांच्याच दुसऱ्या पासबुकात न्यायचे. दोन्ही पासबुकं एकाच माणसाची, दोन्ही ठिकाणं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत, मधलं अंतर चालत सहा मिनिटं. (वाटेत ओळखीचा भेटला तर पाऊण तास.) एवढ्याशा कामापायी दोन दिवस रांगा लागतील आणि आपलं इंग्लंड त्या रांगेत चेंगरून जाईल, असं विद्याश्रीला आधी कुणी सांगितलं असतं, तर तिने त्या माणसाला वेड्यात काढलं असतं. तशी ती बऱ्याच जणांना वेड्यात काढत असे. पन्नाशीच्या पुढचा माणूस असला तर फार विचारही करत नसे.

साल दोन हजार चार, महिना जुलै. विद्याश्री पट्टणशेट्टी बावीस वर्षांची, बी.ए.ला पहिल्या वर्गात आलेली, आणि इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाने तिला एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला घेतलेलं. अभ्यासक्रम कसला, तर मोठमोठ्या संस्थांनी लोकांशी कसं बोलावं, काय सांगावं, काय सांगू नये, याचा. फी आणि राहण्याखाण्याचा खर्च मिळून अकरा लाख रुपये. आप्पांनी ते पत्र दुकानातल्या पेंडीच्या पोत्यावर बसून दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बोलायला शिकायचे अकरा लाख? एवढं तर तू फुकटात बोलतीस की.”

आप्पा म्हणजे विद्याश्रीचे वडील, चन्नाप्पा पट्टणशेट्टी, सरकी-पेंडीचे व्यापारी. गाई-म्हशींच्या खाण्यावर त्यांनी तीस वर्षांत अकरा लाख साठवले होते, आणि ते सगळे व्यापाऱ्यांच्या पतसंस्थेत ठेवले होते. त्या पतसंस्थेचं नाव एवढं लांब होतं, की पाटीवर दोन ओळींत मावत नसे. लोक नुसतं ‘संस्था’ म्हणत. आप्पा संस्थेच्या अकरा संचालकांपैकी एक. मोठ्या बँकेत त्यांचं खातं होतं, पण ते नावापुरतं. बँकेत पैसे ठेवणं म्हणजे घरात चूल पेटलेली असताना परक्याच्या पंगतीला बसणं, असं त्यांचं मत होतं.

पण विद्यापीठाला निम्मी फी एकतीस जुलैच्या आत हवी होती. आणि उरलेले पैसे व्हिसाच्या साहेबाला एखाद्या मोठ्या बँकेच्या पासबुकात दिसायला हवे होते. पुण्याच्या सल्लागाराने संस्थेचं पासबुक उलटंसुलटं पाहिलं आणि सांगितलं, की हे साहेबाला दाखवलंत तर तो ही किराणा दुकानाची वही समजेल. विद्याश्रीने हे वाक्य घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. (गरज नव्हती. पण वाक्य चांगलं होतं, आणि चांगलं वाक्य तिला पोटात ठेवता येत नसे.) आप्पा तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, “काढू.”

इथे आव्वाची अट आली. आव्वा म्हणजे विद्याश्रीची आई. तिचं म्हणणं, व्हिसा हातात पडेपर्यंत या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. दृष्ट लागते. तिच्या भावाच्या मुलाने, महांतेशने, दुबईच्या नोकरीचे पेढे वाटले आणि आठ दिवसांत एजंट पैसे घेऊन पळाला. एजंट काय दृष्टीने पळाला का, असं विद्याश्रीने विचारलं. आव्वा म्हणाली, पेढे वाटायच्या आधी नव्हता ना पळाला?

या मुद्द्यावर वाद घालता येत नाही. विद्याश्रीने घातला, दोन दिवस घातला, आणि हरली. तेव्हापासून घरात इंग्लंडचं नाव निघेना. तिच्या पुण्याच्या फेऱ्या मावशीच्या गुडघेदुखीच्या खात्यावर पडल्या. (मावशी इतक्या वेळा आजारी पडली, की शाहूपुरीतल्या चार बायका तिच्यासाठी तेल देऊन गेल्या.) पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस घरी आला, चहा प्यायला, सह्या घेऊन गेला. शेजारणीने विचारलं, काय झालं? आव्वाने खोटं बोलायचं नाही आणि खरंही सांगायचं नाही असा मधला रस्ता काढला. म्हणाली, “काही न्हाय. ह्यांची जरा चौकशी होती.”

शेजारीण ‘असं होय’ म्हणून आत गेली. ती आत फार वेळ राहिली नसावी.

आता पैसे काढायचे कसे? आप्पांचा बेत असा, की या गुरुवारी तीन लाख, पुढच्या गुरुवारी तीन, त्याच्या पुढच्या गुरुवारी उरलेले. हळूहळू काढले की कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हशीला नवं खाद्य लावतानाही असंच करतात, जुन्यात थोडं थोडं मिसळायचं. विद्याश्रीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्यांच्यापुढे धरलं. तिसरा गुरुवार पाच ऑगस्टला येत होता. तारीख होती एकतीस जुलै. ती म्हणाली, तुम्हा लोकांना प्रत्येक गोष्ट लपवायची असते, आणि लपवण्यातच निम्मं आयुष्य जातं. सोमवारी जायचं, एकदम काढायचे, मोकळं व्हायचं. आप्पांनी थोडा वेळ कॅलेंडरकडे पाहिलं आणि मान हलवली.

वादात जिंकून विद्याश्रीचं आजवर कधी नुकसान झालं नव्हतं. त्यामुळे जिंकल्यावर भीती वाटायला हवी, हे तिला माहीतच नव्हतं.

सोमवार, एकोणीस जुलै, सकाळी साडेदहा. संस्थेत ही वेळ पिग्मीवाल्यांची. पिग्मी म्हणजे रोजची बचत. संस्थेची माणसं दुकानादुकानांत, हातगाड्यांवर फिरून कुणाकडून दहा, कुणाकडून वीस रुपये गोळा करतात आणि सकाळी येऊन भरतात. त्यात चिमणाबाई सगळ्यांत जुन्या. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पायांत रबरी चप्पल, आणि रोजची एकशे चाळीस दुकानं. कोल्हापुरात तेव्हा इंटरनेट येऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण चिमणाबाईंच्या वेगाला ते अजून पोचलं नव्हतं.

खिडकीत कॅशियर बाळासो होता. त्याने आप्पांनी पुढे केलेल्या सातही ठेवपावत्या पाहिल्या, पुन्हा पाहिल्या. मुदतीआधी ठेव मोडायचा अर्ज पुढे सरकवला. अर्जात ‘कारण’ असा एक रकाना होता. आप्पांनी पेन त्या रकान्यावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. खरं लिहावं तर आव्वा, खोटं लिहावं तर देव्हाऱ्यातला सिद्धेश्वर. शेवटी त्यांनी तिथे एक आडवी रेघ मारली.

“मालक, सगळ्याच मोडताय व्हय?” बाळासोने अदबीने विचारलं. “काय कार्य काढलंय का घरात?”

आप्पा म्हणाले, न्हाय. बाळासो म्हणाला, मग जागा-बिगा घेताय? आप्पा म्हणाले, न्हाय. बाळासोने आवाज खाली आणून विचारलं, घरात कुणाचं दुखणंबिखणं? आप्पा पुन्हा न्हाय म्हणाले, आणि घाम पुसू लागले. मागे रांगेत चिमणाबाई सुट्टे पैसे मोजत होत्या. त्यांची बोटं मंदावली.

विद्याश्रीचा संयम मुळात वीतभर, तो इथे संपला. या लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकवायचा एवढा कसला रोग आहे, हा प्रश्न तिच्या मनात होता. तो तसाच विचारला असता तरी परवडलं असतं. ती म्हणाली, “आपलेच पैसे काढायला कारण कशाला पाहिजे? मिळतायत तोवर काढलेले बरे.”

तिच्या मनात काय होतं, तर तुमचे हे अर्ज, हे रकाने, ही चौकशी. उद्या अजून एखादा फॉर्म काढाल, त्यापेक्षा आजच मिळतायत तर घेऊन जाऊ. पण हे सगळं तिच्या मनात होतं. बाहेर आलं ते एवढंच. (पुढे कित्येक महिने ती हे वाक्य वेगवेगळ्या प्रकारांनी मनात पुन्हा म्हणून बघत असे. साठ-सत्तर प्रकार सापडले. त्यांतल्या कशानेच काही झालं नसतं.)

पंखा फिरत होता. बाळासो आप्पांकडे पाहत होता. आप्पा चपलांकडे. चिमणाबाईंनी पैसे मोजायचे थांबवले, न मोजताच खिडकीत ठेवले आणि त्या निघाल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पैसे न मोजता दिल्याची ही पहिली वेळ.

बाळासोने चेक दिला. सहा मिनिटं चालून दोघांनी तो मोठ्या बँकेत भरला. विद्याश्रीने वाटेत आप्पांना ऐकवलं, बघा, किती सोपं होतं. त्यांनी तिला उसाचा रस पाजला.

नंतर चिमणाबाई शपथेवर सांगत, की मी कुणालाच काही बोलले नाही. “मी आपलं एवढंच इचारलं, तुमची ठेव हाय का अजून?” एकशे चाळीस दुकानांत एवढंच विचारलं. तेवढं पुरलं. दुपारी बारापर्यंत बातमी होती, चन्नाप्पांनी ठेवी मोडल्या. दोन वाजता, संचालकांनीच ठेवी मोडल्या. चार वाजता कुणीतरी आठवण करून दिली, की त्यांच्या घरी पोलीस आला होता, बायकोच सांगत होती, चौकशी चाललीय. सहा वाजता कुणाच्या मेव्हण्याने पासपोर्टचं पाकीट टपालात पाहिल्याचं निघालं. आणि दिवेलागणीला लक्ष्मीपुरीत पक्कं झालं, की चन्नाप्पा पट्टणशेट्टी संस्था बुडवून कुटुंबासकट परदेशात पळतोय.

त्या संध्याकाळी घरी चौदा फोन आले. फोन करणारा विचारी, चन्नाप्पा आहेत का? आहेत म्हटलं की ‘बरं, असू दे’ म्हणून ठेवून देई. आव्वाला वाटलं, ह्यांची माणसं किती काळजी करतात. तिने आप्पांना तसं सांगितलंसुद्धा.

मंगळवारी सकाळी आठ वाजता संस्थेचे चेअरमन गणपतराव घरी आले. भल्या दांडग्या मिशीचा माणूस, पण आज मिशी खाली आलेली. संस्था उघडायला दोन तास होते आणि दारात दोनशे माणसं उभी होती. जी उभी नव्हती त्यांच्या पिशव्या, छत्र्या आणि चपला रांगेत होत्या. गणपतरावांनी आप्पांना विचारलं, चन्नाप्पाण्णा, खरं काय ते सांगा. आप्पांनी आव्वाकडे पाहिलं. आव्वाने देव्हाऱ्याकडे पाहिलं. 

शेवटी विद्याश्रीनेच सगळं सांगितलं. फी, व्हिसा, पासबुक, सल्लागार. तिला वाटलं, आता गणपतराव हसतील, पाठीवर थाप मारतील, मिटलं. गणपतरावांनी डोळे बारीक केले.

“पोरीला शिकायला धाडायचं, हे काय लपवायचं कारण हाय व्हय?” ते म्हणाले. “लोक असल्या गोष्टीचा मांडव घालत्यात. खरं सांगा की.”

तिने विद्यापीठाचं पत्र दाखवलं. गणपतरावांनी ते उजेडात धरून पाहिलं, वरचा शिक्का बोटाने घासून पाहिला. छपाई चांगली होती, म्हणाले. आव्वा पहिल्यांदाच बोलली, की दृष्ट लागू नये म्हणून सांगितलं नाही. गणपतरावांना हे मात्र लगेच पटलं. त्यांच्या घरीही तसंच करत. पण रांगेतल्या दोनशे माणसांना कोण पटवणार, असं ते म्हणाले.

आता विद्याश्रीला वाटलं, हेच तर आपल्याला येतं. संस्थांनी लोकांशी कसं बोलावं, याच अभ्यासक्रमाला आपली निवड झाली आहे. इथली म्हातारी मंडळी कुजबुजत बसलीत म्हणून घोळ झालाय. उघडपणे, सरळ बोलायला हवं. ती गणपतरावांच्या स्कूटरवर मागे बसून संस्थेत गेली, पायरीवर चढली, आणि तिने भाषण केलं.

भाषण चांगलं होतं. आवाज शेवटपर्यंत पोचत होता. तिने सांगितलं, की कुणीही घाबरू नका, तुमचे पैसे बुडणार नाहीत, संस्थेकडे पुरेशी रक्कम आहे, सगळ्यांनी एकदम मागितली नाही तर.

रांगेत तोवर बरेच जण नुसते बघायला आले होते. ‘बुडणार’ हा शब्द अजून कुणी मोठ्याने उच्चारलेला नव्हता. आणि ‘सगळ्यांनी एकदम मागितली नाही तर’ हे ऐकल्यावर प्रत्येकाच्या लक्षात आलं, की मग आपण आधी मागितलेली बरी. बघे धावत घरी गेले आणि पासबुकं घेऊन आले. अकरा वाजता रांग कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीपर्यंत होती. बारा वाजता चहावाला स्वतःच रांगेत होता. बाळासोने खिडकीतून तिला हात जोडले. “ताईसाहेब, तुम्ही घरला जावा,” तो म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून तिला जास्त लागलं.

बुधवारी दुपारी मोठ्या बँकेत चेक वटला. विद्याश्री आप्पांना घेऊन गेली, पासबुक छापून घेतलं. अकरा लाख, आकडा नीट ओळीत, निळ्या शाईत. उद्या सकाळी निम्मी फी पाठवायची, फॉर्म भरून तयार होता. तिने पासबुक उघडंच हातात धरलं, शाई ओली असल्यासारखं.

परतताना संस्थेवरून जावं लागलं. दुसरा रस्ता होता, पण आप्पा त्या रस्त्याने वळले नाहीत.

रांगेत शालूबाई होत्या. पेंडीच्या दुकानासमोर सकाळी दही विकायला बसत, आप्पांकडूनच म्हशीची पेंड नेत, आणि त्यांच्याच सांगण्यावरून संस्थेत पैसे टाकत. बावीस हजार, सोळा वर्षांचे. सकाळी सहाला येऊन त्या रांगेत बसल्या होत्या आणि अजून तीसेक माणसं पुढे होती. आतून निरोप आला होता, की रोकड तासाभरात संपेल, उरलेल्यांनी उद्या या. जिल्ह्याच्या बँकेतून किती आणायची, त्यालाही शेवट असतो. आणि पतसंस्था कितीही धडधाकट असली, तरी तिचे पैसे लोकांना कर्जाऊ दिलेले असतात, तिजोरीत रचून ठेवलेले नसतात. अशा रांगेपुढे ती दोन दिवसांत आडवी होते. हे आप्पांना कळत होतं, गणपतरावांना कळत होतं. पुस्तकात वाचलं होतं म्हणून विद्याश्रीलाही कळत होतं.

शालूबाईंनी आप्पांना ओलांडून विद्याश्रीकडे पाहिलं. त्या विद्याश्रीला म्हणाल्या, “तुमी काढल्यासा म्हंजी काय तरी असंलच की, बाई. तुमचं चुकलं असं म्हणत न्हाय मी. तुमी फक्त मला आधी सांगायचं हुतं.”

आप्पांच्या हातात पेन होतं, बँकेत सही करायला काढलेलं, खिशात ठेवायचं राहिलेलं. ते विद्याश्रीकडे वळले. तीस वर्षं घरातली आणि दुकानातली प्रत्येक गोष्ट कुणाला न विचारता ठरवणारा माणूस तिला विचारत होता.

“काय करू?”

तिला पुष्कळ बोलता आलं असतं. की हे तुमच्या लपवालपवीमुळे झालं. की दृष्ट, गुरुवार आणि आडवी रेघ यांच्यामुळे झालं. की माझं काय चुकलं? हे सगळं खरं होतं, आणि यातल्या कशानेही शालूबाईंचा नंबर पुढे सरकणार नव्हता. पासबुक तिने मिटलं.

“भरा,” ती म्हणाली.

आप्पांनी तिथेच, पायरीवर उभं राहून, अकरा लाखांचा चेक संस्थेच्या नावाने लिहिला. गणपतरावांनी तो रांगेला दोन्ही हातांनी उंच धरून दाखवला, आमदार निवडून आल्यासारखा. बाळासो नवी पावती करू लागला. पण रांग हलेना. मागून कुणीतरी विचारलं, ठेव किती दिवसांची? पंधरा दिवसांची असली तर पंधरा दिवसांनी पुन्हा पळतील. सगळ्यांना हे पटलं. एकजण म्हणाला, वर्षाची टाका. दुसरा म्हणाला, वर्ष काय, बघता बघता जातंय. चर्चा वाढत गेली. लोक दुसऱ्याच्या पैशाची मुदत एवढ्या आपुलकीने ठरवताना विद्याश्रीने कधी पाहिले नव्हते. शेवटी आप्पांनी बाळासोला सांगितलं, “एकसष्ट महिन्यांची कर.”

विद्याश्रीने मनात हिशोब केला. ऑगस्ट दोन हजार नऊ. ती सत्तावीस वर्षांची असणार होती.

पावतीची झेरॉक्स संस्थेच्या दारावर चिकटवली. आणखी एक चिमणाबाईंच्या पिशवीत गेली आणि एकशे चाळीस दुकानं फिरून आली. संध्याकाळी रांग विरली. काढलेले पैसे लोकांनी गुरुवारी परत आणून भरले, वर बाळासोला विचारलं, दोन दिवसांचं व्याज कापणार न्हाय ना? शालूबाई शुक्रवारी दही विकायला आल्या आणि विद्याश्रीला एक गाडगं तसंच देऊन गेल्या. विद्याश्रीला ते घ्यावं की नको, कळेना. आव्वाने घेतलं.

त्या बुधवारीच घरी आल्यावर आप्पांनी पावती तिच्या हातात दिली होती. ठेव तिच्या नावावर केली होती.  मग तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की एकसष्ट महिन्यांच्या ठेवीला अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं.

कर्जाची गोष्ट तिने काढून पाहिली. आप्पांच्या घराण्यात कर्ज व्यसनात मोडत होतं. तरी ते तिच्याबरोबर मोठ्या बँकेत गेले. तिथल्या साहेबाने कागदांची जी यादी दिली, ती गोळा करायला दसरा उजाडला असता. एकतीस जुलैचा शनिवार आला आणि गेला. आव्वा त्या दिवशी कुणालाच काही बोलली नाही. बोलायची मनाई आता उठली होती, पण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विद्याश्री राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत गेली आणि तासाला वीस रुपये देऊन दोन तास बसली. विद्यापीठाला तिने पत्र लिहिलं. वर्षभर जागा राखून ठेवा, एवढंच मागायचं होतं. पण एकदा लिहायला बसल्यावर तिला राहवेना. आप्पा, आव्वा, दृष्ट, पोलीस, पिग्मी, आडवी रेघ, सगळं लिहिलं. म्हाताऱ्या माणसांच्या गप्प बसण्यावर एक परिच्छेद लिहिला. आणि शेवटी, खोडू की ठेवू असं करत, स्वतःची दोन वाक्यंही लिहिली, एक खिडकीतलं आणि एक पायरीवरचं. त्यांच्याखाली लिहिलं, की रांग खरं तर यांच्यामुळे लागली. पाठवायचं बटण दाबल्यावर तिला आठवलं, की हे पत्र ज्यांच्याकडे जाणार, त्यांच्याकडेच आपण बोलायला शिकायला जाणार होतो.

उत्तर नऊ दिवसांनी आलं. तिने ते छापून घेतलं. घरी आली तेव्हा आप्पा दुकानातून आले होते, आव्वा शेंगा निवडत होती. दोघांनी तिच्या हातातला कागद पाहिला आणि दोघंही विचारायला धजेनात. म्हणून तिनेच सांगितलं. जागा राखून ठेवत नाहीत. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करायचा, नव्याने फी, आणि फी दहा टक्के वाढणार आहे.

आव्वाने सूप बाजूला ठेवलं. “मग एवढं दोन पानं काय लिहिलंय?”

विद्याश्री म्हणाली, त्यांच्या मुख्य शिक्षकांनी लिहिलंय. त्यांना पत्र फार आवडलं. इतकं, की ऑक्टोबरमध्ये ते सगळ्या वर्गाला वाचायला देणार आहेत. संस्थांनी लोकांशी कसं बोलू नये, याच्यावर त्यांच्याकडे इतकं चांगलं उदाहरण नव्हतं. नाव गाळतील. माझी परवानगी मागितलीय.

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला. परदेश, विद्यापीठ, वर्ग, सगळं त्यांनी एकदा मनात नीट लावून पाहिलं असावं.

“म्हंजी तू हितंच राहणार,” ते म्हणाले, “आणि तुझं पत्र तिथं शिकवणार.”

“हो.”

“त्याची फी आपल्याला न्हाय ना भरायला लागत?”

“नाही,” विद्याश्री म्हणाली. आणि बरोबर तेवढंच म्हणून थांबली.